तुझ्या पाटावर बसून मी बोललो

प्रिय मनोहर,

तू हे वाचणार नाहीस, ठाऊक आहे. जिवंत असतानाही मी पाठवलेलं तू कधी वाचलं नाहीस. "लांबलचक लिहू नको बे, भेटल्यावर बोल," म्हणायचास. आता भेटायची सोय तूच ठेवली नाहीस, तर मी काय करू? दुपारची वेळ आहे, नेरमध्ये लाईन गेली आहे, स्टुडिओत गिऱ्हाईक नाही. आणि काल संध्याकाळी तुझ्या सचिननं मला असा एक प्रश्न विचारला की तेव्हापासून घास गोड लागत नाही.

सलीमभाईच्या दुकानातून आम्ही दोघं पायीच निघालो होतो. बसस्टँडच्या कोपऱ्यावर, बंद रसवंतीपाशी, तो थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काका, खरं सांगा. त्या दिवशी तुमच्या जागी बाबा असते, तं त्यायनं मले 'ये' म्हटलं असतं का?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

तो मान हलवून निघून गेला. मी तिथंच उभा. उद्या म्हणजे आज. आज संध्याकाळी तो पुन्हा दुकानात असेल, मीही असेन. काय सांगू त्याला? तूच सांग ना! प्रश्न तुझ्याबद्दलचा आहे.

बघ, तू कापूस-तुरीचा शेतकरी, मी लग्नाचे आणि पासपोर्ट साईजचे फोटो काढणारा. आपल्या दोघांचा अमेरिकेशी संबंध काय, असं कुणीही विचारेल. शोभावहिनींनी तर संसारभर तुला तेच विचारलं. पण सुरुवात कापसापासून झाली, हे मला पक्कं आठवतं. बाजारात भाव पडला आणि व्यापारी म्हणाला, अमेरिकेचा बाजार पडला आहे. तू तणतणत सलीमभाईच्या मोटर-वायंडिंगच्या दुकानात आलास आणि बाकावर बसत विचारलंस, "हे अमेरिका हाय तरी कोन बे?" जशी काही ती शेजारच्या गावची पाटलीण!

त्या दिवसापासून तू तिचा अभ्यास सुरू केलास. आणि गंमत बघ, जिनं तुझा भाव पाडला तिचाच तू वकील झालास. शिव्या फक्त कापसापुरत्या. बाकी जगात तिनं कुठंही फौज उतरवली की तू मांडी ठोकून तयार.

"गावात एक दंडुकेवाला पाह्यजे," हा तुझा मुद्दा. "नाईतं जो तो दुसऱ्याचा बांध कोरते."

"आन दंडुकेवाल्यानंच बांध कोरला तं?" हा माझा.

किती वर्षं आपण ही दोनच वाक्यं फिरवून फिरवून बोललो असू! इराकवर हल्ला झाला तेव्हा तर सलीमभाईनं वैतागून शटर अर्धं खाली ओढलं होतं. रस्त्यानं जाणारे थांबत होते, त्यांना वाटलं वाटणीचं भांडण आहे. तू म्हणत होतास, शस्त्रं सापडतील. मी म्हणत होतो, नाही सापडणार. नाही सापडली. पण तू कशाला ऐकतोस? "लपवले असतीन. वाळवंट केवढं हाय, तुले माहीत तरी हाय का?" मी म्हणालो, तू कधी पाहिलंस वाळवंट? झालं, तू माझ्याशी बोलणं सोडलंस. येऊन बसायचास मात्र रोज, तोंड दुसरीकडे करून.

तुझ्या घरी भिंतीवर लावलेला तुझा फोटो माझ्याच स्टुडिओतला आहे. कॅमेऱ्यासमोर तू नेहमी ठाण्यात हजेरी द्यायला आल्यासारखा बसायचास. त्या दिवशी मी लेन्समधून पाहत म्हणालो, "मनोहर, सापडले बे इराकात शस्त्रं!" आणि तू हसलास. असा हसलास की मी बटण दाबून मोकळा झालो. तू गेल्यावर वहिनींना तोच फोटो हवा होता. फ्रेम मीच केली. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, किती छान हसतोय. कशावर हसतोय ते मी कुणालाच सांगितलं नाही.

मग हातात फोन आले आणि आपल्या दोघांना त्यावरच्या व्हिडिओंत आपापले गुरू मिळाले. तुझा तो मिशीवाला निवृत्त फौजी. मागे नकाशा, हातात काठी, आणि दर वेळी 'येते अठ्ठेचाळीस तास निर्णायक'. शेतात वेचणीला बाया लावलेल्या असायच्या आणि तू बांधावर बसून त्याला कानाला लावायचास. माझा तो पुस्तकवाला. मागे पुस्तकांची भिंत, बारीक आवाज, सगळं नाटक आहे आणि पडद्यामागे तेल आहे असं सांगणारा. तू तुझ्या माणसाचं बोलायला लागलास, मी माझ्या.

सलीमभाई एकदा म्हणाला होता, आठवतं? "तुम दोनो घर पे रहो भाऊ, सिर्फ मोबाईल भेज दो. वो आपस में लड लेंगे." आपण खूप हसलो. पण मला ते लागलं होतं. तुला लागलं होतं का? विचारायचं राहून गेलं.

एक दिवस मात्र असा होता की त्या दिवशी मिशीवाला नव्हता की पुस्तकवाला नव्हता. अमेरिका अफगाणिस्तानातून निघाली तेव्हाचा. विमानामागे धावणारी माणसं आपण सलीमभाईच्या फोनवर पाहिली. माझा तर तो विजयाचाच दिवस! मी तोंड उघडणार तोच तुझ्याकडे लक्ष गेलं. तू फोन पालथा ठेवलास आणि म्हणालास, "जे आपल्या भरोशावर राह्यले, त्यायले असं टाकून जाते का बे कोनी?" चहा तसाच ठेवून उठलास. मी हाक मारली, तू वळलाही नाहीस.

पुढच्या भेटीत तू पुन्हा तिचा वकील! मी तुला त्या वाक्याची आठवण कधीच करून दिली नाही. करून द्यायला हवी होती का?

सचिन आखातात लागला तेव्हा तू पेढे घेऊन आलास. एसी दुरुस्तीचं काम, राहायला कंपनीचा कॅम्प, आणि कॅम्पच्या छतावरून अमेरिकेच्या तळाचे दिवे दिसतात. तुला तर आयतं हत्यारच मिळालं. "माह्या पोरगा अमेरिकेच्या तळाच्या बाजूले झोपते. त्याच्याइतकं सुरक्षित नेरातबी कोनी नाई." मी लगेच म्हणालो, तळ आहे म्हणून तर धोका आहे. आणि आपण पुन्हा सुरू. पेढे सलीमभाईनं वाटले.

आणि ते आपलं शेवटचं बोलणं! वेचणीचे दिवस, तू थकलेला दिसत होतास. वाद त्या तळांवरूनच. मी तुला अगदी कोंडीत पकडलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. तू चपला घालत म्हणालास, "थांब. उद्या तुले एक गोष्ट सांगतो. तुयं तोंडच बंद होते."

कोणती गोष्ट होती ती, मनोहर?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात तुझ्या छातीत दुखलं, आणि यवतमाळला नेईपर्यंत तू राहिला नाहीस. मी अजूनही मधूनमधून तुझ्या मिशीवाल्याला लावून ऐकतो. वाटतं, तुझी गोष्ट त्याच्याकडूनच आली असेल तर सापडेल. नाही सापडत. असं अर्धवट टाकून जातं का कुणी? माझं तोंड बंद करायचं होतं ना? झालं बंद.

सचिन आला, तेराव्यापर्यंत राहिला आणि परत गेला. पुढचं तुला माहीत नाही, ते सांगतो.

उन्हाळा लागला आणि आखातात पेटलं. अमेरिकेनं बॉम्ब टाकले. समोरच्या देशानं बदला घेऊ म्हणून सांगितलं आणि सांगताना तळांचं नाव घेतलं. ज्या वहिनी मिशीवाल्याचा आवाज आला की भांडी आपटायच्या, त्या आता सकाळपासून त्याच्यासमोर बसायला लागल्या. मी गेलो की विचारायच्या, "भाऊजी, हा काठी ठेवून राह्यला, तिथंच आपला सचिन हाय का?" नकाशावर बोटभर जागा, त्यात पाच-सहा देश दाटीवाटीनं बसलेले. मी म्हणायचो, नाही वहिनी, थोडा बाजूला आहे. मला तरी कुठं ठाऊक होतं?

आणि आता ऐक, माझ्या डोक्याचा गोंधळ कसा झाला ते. तुझा मिशीवाला ओरडून सांगू लागला की अमेरिकेचे तळ हेच पहिलं लक्ष्य, आपल्या माणसांनी तिथून निघावं. तुझा मिशीवाला! आणि माझा पुस्तकवाला शांतपणे सांगत होता की हे दोघांनी मिळून केलेलं नाटक आहे, तळाला धक्काही लागणार नाही. म्हणजे तुझा माणूस माझ्यासारखं बोलत होता आणि माझा माणूस तुझ्यासारखं. तू असतास तर आपण त्या बाकावर कसे बसलो असतो, सांग! जागा बदलल्या असत्या का? मी दोघांनाही ऐकायचो आणि दोघंही पटायचे. जो शेवटी ऐकला तो खरा वाटायचा.

त्यातच आखाजी आली. अक्षय्य तृतीया, तुझी पहिली. तुझ्या नावानं पितर जेवू घालायचा होता. भावकीत ठरलं होतं की घाटंजीचा तुझा चुलतभाऊ पाटावर बसेल. वहिनी म्हणाल्या, "नाई. वर्षातून एखाद्या डाव येनाऱ्याले त्यायच्या मनातलं काय माहीत? रोज ज्याच्यासंगं भांडत, तोच बसन."

म्हणजे मी! ज्यानं जन्मभर तुझ्या उलट बोलायचं काम केलं, तो तुझा पितर! मी वहिनींना म्हणालोही, की मनोहरला हे आवडणार नाही. त्या म्हणाल्या, "आवडन. तुमाले पाटावर गपचूप बसलेलं पाहून लय आवडन."

आपल्याकडची रीत तुला मी काय सांगू? पाटावर बसला तोवर घरच्यांच्या लेखी तो गेलेला माणूसच. वहिनींनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला गंध लावलं. तुझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा मोठा, तोही पाया पडला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, वडे, कढी, कुरडई. आणि वाटीत चिंचेच्या कोळाची चिंचोणी, तुला आवडायची तशी गूळ सढळ हातानं घातलेली. मला चिंचोणी आंबटच आवडते हे तुला माहीत आहे. मी गोड चिंचोणी प्यायलो. समोर भिंतीवरून तू हसत होतास. इराकातली शस्त्रं सापडली होती ना!

मी पुरणपोळीचा घास मोडला आणि वहिनींचा फोन वाजला. सचिनचा व्हिडिओ कॉल. पितराला नमस्कार करायचा म्हणून त्यानं मुद्दाम केला होता. वहिनींनी फोन माझ्यासमोर धरला. पोरगा वाळला होता, डोळे तांबारलेले. त्यानं हात जोडले.

"काका," म्हणाला, आणि लगेच थांबला. "नाई, आज काका नाई. बाबा, कंपनीनं सांगतलं, ज्याले घरी जाचं त्यानं आजच नाव द्या. जो जाईन त्याची नोकरी गेली. मी येऊ का राहू? सांगा."

वाढणाऱ्या बायका थांबल्या. वहिनींनी फोन माझ्या आणखी जवळ आणला.

मी म्हणू शकलो असतो की अरे, मी वसंता आहे, फोटोवाला. पण घास हातात होता, गंध कपाळावर होतं, आणि वहिनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती नजर काही मित्राकडे पाहण्याची नव्हती. माझ्या डोक्यात किती जण एकदम बोलायला लागले! वसंताचं मत काय? तळाजवळ धोका आहे, ये. पण वसंताला कुणी विचारलंच नव्हतं. तुझं मत काय? तळाइतकी सुरक्षित जागा नाही. म्हणजे राहा. तुझा मिशीवाला काय म्हणतो? निघा. माझा पुस्तकवाला? नाटक आहे, बसा. मी कुणाचं ऐकू?

आणि मग त्या सगळ्यांच्या मधून मला तू दिसलास, पालथा ठेवलेला फोन आणि तसाच राहिलेला चहा.

माझ्या तोंडून निघालं, "ये बेटा. सारं सोडून घरी ये."

सचिन रडला. वहिनी रडल्या. मी घास खाल्ला, कारण पितरानं ताट टाकायचं नसतं. नंतर वहिनी म्हणाल्या, "आवाज त्यायचाच होता, भाऊजी. अगदी त्यायचाच." मला तर तो माझाच वाटला होता, मनोहर. खरंच सांगतो. की नव्हता?

सचिन आला. वहिनींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या दिवशी मी घरी जाऊन शांत झोपलो. वाटलं, तुझं एक काम केलं.

आणि थोड्याच दिवसांत ते युद्ध थांबलं! थांबलं म्हणजे काय, टीव्हीवरून गेलं. मिशीवाला काठी घेऊन दुसऱ्याच नकाशापुढे उभा राहिला. पुस्तकवाला निवडणुकांवर गेला. सचिनच्या कॅम्पवर एक खिळासुद्धा पडला नाही. त्याच्या खोलीतला जोडीदार तिथंच राहिला होता, तो आता सुपरवायझर आहे. सचिनचाच नंबर होता त्या जागेवर. तो जोडीदार सुट्टीच्या दिवशी बिर्याणी शिजवतानाचे व्हिडिओ पाठवतो, आणि सचिन ते परत परत पाहतो. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

चूक झाली का रे? पण पडलं असतं काही तिथं, तर? मग मी शहाणा ठरलो असतो आणि सगळ्यांनी पाय धरले असते. आता पडलं नाही म्हणून मी मूर्ख. माझं वाक्य तर तेच आहे! मी मिशीवाल्याच्या व्हिडिओखाली लिहूनसुद्धा विचारलं, साहेब, तुम्ही निघा म्हणालात, आता निघून आलेल्यांनी काय करायचं? त्यांचं उत्तर नाही आलं. कुणीतरी मला देशद्रोही म्हटलं आणि आणखी कुणीतरी त्याला लाईकचा अंगठा दिला. असं आहे सगळं.

सचिन आता सलीमभाईकडेच बसतो. उन्हाळ्यात कूलर केले, आता शेतातल्या मोटरी बांधतो. कपाशी गुडघ्याला आली आहे तुझी, चांगली आहे. सकाळी तो शेतात जातो, दुपारनंतर दुकानात. म्हणजे आपल्याच बाकासमोर, तुझा पोरगा, मोटरीत मान घालून. आणि मी रोज तिथं जाऊन बसतो आणि काही बोलत नाही.

मागच्या आठवड्यात सचिन शेतातून यायचा होता, तेव्हा मी सलीमभाईला विचारलंच. म्हटलं, तू तर आमचं सगळं ऐकलंस. मनोहर काय म्हणाला असता? ये, की राहा?

तो तांब्याची तार गुंडाळत होता. म्हणाला, "कोनता मनोहरभाऊ? तुमच्या समोरचा का तुमच्या मागचा?"

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. "तुमाले डेंगू झालता, तवा तुमी महिनाभर आले नाई. मनोहरभाऊ रोज येत. आन रोज तुमचीच बाजू मांडत. अमेरिकेच्या तर्फेनं मलेच बोलाव लागे, मजबुरी में! म्या म्हटलं, भाऊ, ये क्या लगाया? तं म्हणे, वसंता नाई तं त्याच्या बाजूनं कोनी बोलाव का नाई? नाईतं बरा होऊन येईन आन हारलेला सापडन."

अरे! हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बरा होऊन आलो तेव्हा तू म्हणाला होतास, "आला का बे अमेरिकेचा दुश्मन, मैदान खाली पडलं होतं." आणि पुन्हा तेच, दंडुकेवाला आणि बांध.

मग तू होतास तरी कोण, मनोहर? तुला अमेरिका खरंच पटत होती, की माझ्यासमोर कुणीतरी बसायला हवं म्हणून तू ती बाजू धरलीस? मी एवढी वर्षं भांडलो ते कुणाशी? मला राग आला तुझा. खूप आला. तिथून स्टुडिओत आलो, शटर ओढलं आणि रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडलो.

आणि काल! काल सलीमभाईकडे कुणीतरी फोनवर लावलं होतं की अमेरिका पुन्हा कुठंतरी जहाजं पाठवते आहे. मी काही बोलणार नव्हतो, पण जुनी खोड. म्हटलं, हिला दुसऱ्याच्या दारात जायला आमंत्रण लागत नाही. तर तुझा पोरगा, पान्ह्यानं नट आवळता आवळता, वर न पाहता म्हणाला, "गावात एक दंडुकेवाला पाह्यजे, काका."

तुझं वाक्य! तुझ्याच चालीत, 'काका'वर तसाच जोर, तू 'वसंता'वर द्यायचास तसा. सलीमभाईनं तार सोडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आन दंडुकेवाल्यानंच बांध कोरला तं?"

सचिन हसला. आल्यापासून पहिल्यांदा. अगदी भिंतीवरच्या फोटोसारखा. मग आम्ही पायी निघालो, आणि कोपऱ्यावर त्यानं तो प्रश्न विचारला.

दुपारभर उत्तर शोधतोय. हो म्हणू? म्हणजे त्याला वाटेल, नोकरी गेली ती निदान बापाच्या शब्दापायी गेली. त्यानं बरं वाटेल त्याला. पण मग उद्या त्याच्या मनात तुझ्यावर राग आला तर? तू तर उत्तर द्यायलाही नाहीस. नाही म्हणू? मग वहिनींना त्या दिवशी ऐकू आलेला आवाज कुणाचा होता? तोही मी हिसकावून घ्यायचा?

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली आणि पेन थांबलं. आपण एवढं बोललो. इराक, अफगाणिस्तान, तेल, तळ, जहाजं. अमेरिका उद्या काय करणार, ते तुला ठाऊक असायचं, मला ठाऊक असायचं. पण सचिननं तिकडं राहावं की इकडं यावं, हे आपण एकदाही बोललो नाही. तो आपल्या बोलण्यात आला तो तुझा मुद्दा म्हणून आला. तू म्हणालास, पोरगा तळाजवळ सुरक्षित आहे, आणि मी तळावर बोललो. पोराची आठवण येते का रे तुला, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास? फोन पालथा ठेवला असतास का?

कदाचित तीच तुझी गोष्ट असेल, जी दुसऱ्या दिवशी सांगणार होतास. कदाचित नसेलही. असेल ती कापसाच्या भावाची.

तर आज सचिनला हेच सांगणार आहे. म्हणेन, तुया बाप काय म्हणाला असता ते मले माहीत नाही बेटा, कारण ते मी त्याले कधी पुसलंच नाही. ते 'ये' त्याचं होतं का माहं, तेबी मले समजून नाही राह्यलं. आणि मग त्यालाच विचारेन, त्या दिवशी तुया मनात काय होतं? घरी याचं होतं का तिथं राहाचं? मनोहर, बघ ना, हे त्या पोराला अजून कुणीच विचारलेलं नाही. मिशीवाल्यानं नाही, पुस्तकवाल्यानं नाही, कंपनीनं नाही. पितराच्या पाटावर बसून मीही नाही.

तो म्हणाला राहायचं होतं, तर ते मी ऐकून घेईन. पुन्हा जायचं म्हणाला, तर त्याच्या पासपोर्टचा फोटो मीच काढेन, आणि वहिनींना समजावायलाही मीच जाईन.

तुला एक वचन देतो आणि उठतो. सलीमभाईच्या दुकानात सचिन आहे तोवर तुझी बाजू तो सांभाळेल, मी माझी. पण ज्या दिवशी तो नसेल, त्या दिवशी अमेरिकेकडून मी बोलेन. माझ्याच विरुद्ध बोलेन, दंडुकेवाला पाह्यजे म्हणून मांडी ठोकून बोलेन. तू हरलेला सापडणार नाहीस.

लाईन आली आहे. दुकान बंद करून निघतो. त्याला मी 'उद्या सांगतो' म्हणालो होतो, आणि हा उद्या मला चुकवायचा नाही.

तुझा,
तोंड अजून बंद न झालेला,
वसंता